४१५ चे ४८० करताना

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातले २१० मेगावॉटचे संच १५.७५ केव्ही दाबाला वीज बनवतात. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर तो दाब २२० केव्हीपर्यंत चढवतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये अमेरिकी मशीन लावताना हेच काम छोट्या प्रमाणावर चालते.

इथली तीन-फेज वीज ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची. अमेरिकी मशीनच्या पाटीवर मात्र सहसा ४८० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. मधल्या ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याला सुमारे १६ टक्के जास्त फेरे दिले की दाब जुळतो. पण फुकट काहीच मिळत नाही. मशीन ५० अँपिअर घेत असेल, तर ४१५ च्या बाजूने जवळपास ५८ अँपिअर ओढले जातात. केबल आणि ब्रेकर त्या हिशेबाने हवेत. क्षमता १.७३२ × ४८० × ५०, म्हणजे साडेएकेचाळीस केव्हीए निघते. ट्रान्सफॉर्मर ५० केव्हीएचा घ्यावा.

खरी गोम हर्ट्झमध्ये आहे, आणि विक्रेते ती क्वचितच सांगतात. ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्झवर मिनिटाला १,८०० फेऱ्यांची मोटर ५० वर १,५०० च्या आसपासच फिरणार. शिवाय ५० हर्ट्झवर तिला ४०० व्होल्ट पुरतात. ४८० दिले तर गाभा संपृक्त होऊन ती तापते. म्हणजे थेट जोडलेल्या मोटरला स्टेप-अप उलट घातकच! ड्राइव्हवरच्या मोटरला ही अडचण नसते, कारण ड्राइव्ह वारंवारता स्वतःच ठरवतो. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी पाटीवर ‘५०/६० हर्ट्झ’ आहे का, ते पाहावे.

ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यात दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या राहत नाहीत.