अंगातून वाफा, मनात धसका

ऐन मीटिंगमध्ये छातीपासून मानेकडे वाफा चढतात, कपाळावर घाम डवरतो, ब्लाउज पाठीला चिकटतो. चार-पाच मिनिटांत सगळं ओसरतं. 'सगळ्यांनी पाहिलं' हा विचार मात्र दिवसभर पाठ सोडत नाही. पाळी जाण्याच्या वयात कित्येकजणी पुढे बसणं, चारचौघांत बोलणं टाळू लागतात, ते यामुळेही. घरचे 'वय झालं' म्हणून मोकळे होतात.

या वाफांचा उगम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे. शरीराचं तापमान जरासं वरखाली झालं, तर एरवी तो काणाडोळा करतो. अमेरिकेत डेट्रॉइटला रॉबर्ट फ्रीडमन यांनी ही सवलत मोजली. त्रास नसलेल्या स्त्रियांमध्ये ती सुमारे ०.४ अंश सेल्सिअस भरली, त्रास असलेल्यांमध्ये जवळजवळ शून्य. मग कपभर गरम चहाही निमित्त होतो आणि शरीर घाम फोडून गार व्हायला धावतं. इस्ट्रोजेन घटलं की हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशींचा लगाम सुटतो आणि त्या न्यूरोकायनिन-बी या रसायनामार्फत तापमान-नियंत्रणाला डिवचतात. हा निरोप वाटेतच अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं.

त्याआधीपासूनची हॉर्मोनची औषधं २००२ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीनंतर बदनाम झाली. त्या चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३, म्हणजे पाळी जाण्याच्या वयाहून बरंच जास्त होतं, हे बातम्यांत फारसं आलंच नाही. अर्थात ही औषधं सगळ्यांना चालत नाहीत. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना सहसा देत नाहीत.

याच वयात नावं न आठवणं, हिशेबात चुकणं याने तर बाई पार खचते. 'स्वान' या दीर्घकालीन अमेरिकी अभ्यासात २,३६२ स्त्रियांच्या चाचण्या घेतल्या. पाळी अनियमित होण्याच्या काळात नवं शिकण्याचा वेग मंदावला. पाळी कायमची थांबल्यावर तो पुन्हा सुधारला. हे डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवं, असं मला वाटतं.

वाफांच्या बाबतीत लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मायरा हंटर यांनी बोट ठेवलं ते 'सगळे माझ्याकडेच बघताहेत' या विचारावर. तो तपासून पाहायचा, वाफ आली की श्वास सावकाश घ्यायचा, जागेवरून उठायचं नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचण्यांत अशा समुपदेशनानंतर वाफांचा जाच कमी वाटू लागला.

एक गोष्ट मात्र वयावर ढकलू नये: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्तस्राव झाला, थोडासा डाग जरी दिसला, तरी लगेच तपासून घ्यावं.