नाबाद ४४३ : महाराष्ट्राच्या एका मोसमाची गोष्ट

नवापूर, शहादा किंवा धडगावच्या मुलाने क्रिकेटमध्ये नाव काढलं, तर रणजी करंडकात तो महाराष्ट्राच्या संघाकडून उतरेल. मुंबई आणि विदर्भ यांचे संघ वेगळे. बाकी राज्याचा हा एकच. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याच्या पन्नास वर्षं आधी, हा मुलूख पश्चिम खानदेशात होता तेव्हा, या संघाने १९४८-४९ चा मोसम गाजवला. इथल्या प्रत्येक खेळाडूला तो ठाऊक असायला हवा.

डिसेंबर १९४८. पुणे क्लबच्या मैदानावर काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर तिसऱ्या क्रमांकावर आले आणि त्यांनी ठाण मांडलं. कमल भांडारकरांनी २०५ धावा केल्या. दोघांची दुसऱ्या गड्यासाठीची भागीदारी ४५५ धावांची झाली. निंबाळकर ४९४ मिनिटं खेळले. ४९ चौकार, एक षटकार, नाबाद ४४३. धावफलक ४ बाद ८२६.

डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा जागतिक विक्रम १९३० पासून अबाधित होता. तो अवघ्या नऊ धावांवर आला होता. आपल्या संघाचं नाव अशा विक्रमात नोंदलं जाऊ नये, म्हणून काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी विश्रांतीच्या वेळी सामनाच सोडून दिला. फलंदाज मैदानात उतरायला तयार होता, पण चेंडू टाकायला समोर कोणी उरलं नव्हतं.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये १९४१ साली नेमका उलटा प्रसंग घडला. बोस्टनचा टेड विल्यम्स मोसमाच्या शेवटच्या दिवशी ४४८ संधींत १७९ यशस्वी फटके घेऊन उभा होता. म्हणजे दर हजारी ३९९.५५, पूर्णांकात ४००. तो बसून राहिला असता, तरी मानाचा आकडा पदरात पडला असता. तशी मुभाही त्याला होती. तरी फिलाडेल्फियात एकाच दिवशी झालेले दोन्ही सामने तो खेळला. आठ संधींत सहा फटके मारून त्याने सरासरी ४०६ वर नेली. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये त्यानंतर मोसमभराची चारशेची सरासरी आजवर कोणाला राखता आलेली नाही.

पुण्याच्या त्या मोसमात धावांचा पाऊसच पडला. मार्च १९४९ मध्ये मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा केल्या. मुंबईच्या ६५१ आणि ७१४ ला महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावांचं उत्तर दिलं. उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि महाराष्ट्राचे रेगे यांनी दोन्ही डावांत शतकं झळकावली, तर माधव मंत्रींनी २०० केल्या. सामना मुंबईने ३५४ धावांनी जिंकला, पण चौथ्या डावात ६०४ करणारा संघ शेवटपर्यंत खेळला, हे विसरू नये.

म्हणून मोसमाचे आकडे नुसते उतरत्या क्रमाने लावून भागत नाही. कोणता फलंदाज जोखीम घेऊन खेळला, कोणता संघ हरत असतानाही उभा राहिला आणि कोणाची संधी दुसऱ्याने हिरावली, हेही वाचलं पाहिजे. निंबाळकरांना कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी आजही त्यांच्याच नावावर आहे. नंदुरबारच्या शालेय स्पर्धांत मुलांना ती सांगावी, आणि तिच्यासोबत हेही सांगावं, की समोरचा मोठा होत असला तरी आपण चेंडू टाकत राहायचं.