रासायनिक समतोलाचा अभ्यास

वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांस रसायनशास्त्रांतील जीं प्रकरणें डोईजड वाटतात, त्यांत रासायनिक समतोलाचें प्रकरण मोडतें. आम्हींही आरंभीं केवळ सूत्रें पाठ केलीं आणि सराव-परीक्षेंत हातचे गुण घालविले. ह्या परीक्षेंत चुकलेल्या उत्तरामागें एक गुण वजाही होतो. तेव्हां आमची चूक कोठें झाली, तें येथें सांगतों.

समतोल झाला म्हणजे क्रिया थांबली, असें आम्ही समजत होतों. वस्तुतः तसें नाहीं. सोडावॉटरची बंद बाटली पाहावी. ती निश्चल दिसते. परंतु पाण्यांतून जितका वायु क्षणोक्षणीं बाहेर पडतो, तितकाच पुन्हां विरघळत असतो. बूच काढतांच दाब उतरतो आणि वायु फसफसून वर येतो. रासायनिक समतोलांतही पुढें जाणारी व मागें येणारी, अशा दोन्ही क्रिया चालूच असतात. मात्र त्यांचा वेग सारखा झालेला असतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ हेन्री ल शातेलिए ह्यांनीं १८८४ सालीं असा नियम मांडला कीं, समतोलावर बाहेरून ताण पडला असतां, तो ताण ज्या योगें कमी होईल त्या दिशेस समतोल सरकतो. अमोनियाचें उदाहरण घेऊं. नायट्रोजनचा एक व हायड्रोजनचे तीन, अशा चार रेणूंपासून अमोनियाचे दोन रेणू होतात. म्हणून दाब वाढविल्यास समतोल अमोनियाकडे झुकतो. ह्या क्रियेंत उष्णता बाहेर पडते. म्हणून तापमान वाढविल्यास तो मागें फिरतो. आतां लोखंडाचा उत्प्रेरक घातला तर? ‘अमोनियाचें प्रमाण वाढेल,’ असें आम्हीं लिहिलें आणि फसलों. उत्प्रेरक दोन्ही क्रियांस सारखीच गति देतो. समतोल लवकर येतो, पण जेथें यावयाचा तेथेंच येतो. समतोलाचा स्थिरांक बदलतो तो केवळ तापमानानें. एवढें ध्यानीं धरलें, तरी अनेक फसवे पर्याय आपोआप गळतात.

भावी डॉक्टरास ह्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. थंडीच्या दिवसांत बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवली असतां कार्बन मोनॉक्साइड वायु सांचतो. रक्तांतील हीमोग्लोबिनशीं तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक बळकटपणें जडतो, व मनुष्य गुदमरतो. परंतु हें बंधन उलटणारें आहे. रोग्यास मोकळ्या हवेंत आणून डॉक्टर शुद्ध प्राणवायु देतात. त्याचें प्रमाण वाढतांच समतोल त्याच्या बाजूस सरकतो, आणि विषारी वायु सुटून श्वासावाटे निघून जातो. रक्तांतील हें विष निम्में होण्यास साध्या हवेंत चार ते पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायूनें तेंच काम सुमारें दीड तासांत होतें.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची विनंती कीं, प्रश्न दिसतांच सूत्राकडे धावूं नये. ताण कोणता, आणि तो कोणत्या दिशेनें हलका होईल, हें प्रथम स्वतःस विचारावें. पालकांनींही ‘किती पाठ झालें?’ ह्याऐवजीं ‘काय समजलें?’ असें पुसावें. आज जो प्रश्न चार गुणांचा आहे, तोच उद्यां एखाद्याच्या प्राणांचा असेल.