ट्रायल आपल्याच जॉबवर

भोसरी असो, शिरोली असो की सातपूर, दोन लेथ आणि एका रेडियल ड्रिलवर आठ-दहा वर्षे जॉबवर्क केलेला मालक व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) घ्यायचे ठरवतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या कंपनीचे घेऊ? प्रश्न रास्तच आहे, पण त्याचा नंबर तिसरा. आधी आपला जॉब, मग सर्व्हिस, मग कंपनी.

याचे कारण मशीनच्या पोटात आहे. बंगळूरच्या बीएफडब्ल्यूचे मशीन असो, राजकोटच्या ज्योतीचे असो की कोइमतूरच्या एलएमडब्ल्यूचे, कंट्रोलर बहुधा फानुक, सीमेन्स किंवा मित्सुबिशीचा असतो. बॉल स्क्रू आणि लिनिअर गाइडही बरेचदा जपान-तैवानच्या मोजक्या कारखान्यांतून आलेले असतात. कंपनीचे खास स्वतःचे म्हणावे असे उरते ते बीडाचे कास्टिंग, जुळणीतली काटेकोरी आणि मशीन बंद पडल्यावर येणारा माणूस.

टूल आपोआप बदलणारे पहिले मशीनिंग सेंटर अमेरिकेतल्या केर्नी अँड ट्रेकर कंपनीने १९५८ साली आणले. ते मोठ्या कारखान्यांच्याच आवाक्यातले होते. १९८८ मध्ये हास कंपनीने व्हीएफ-१ हे मशीन ४९,९०० डॉलरला बाजारात आणले आणि तिथल्या छोट्या शॉपलाही व्हीएमसी परवडू लागले. आज आपल्याकडे पर्यायांची टंचाई नाही. गोंधळ उडतो तो त्यांच्या गर्दीमुळेच.

कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येणारे बीडाचे हाउसिंग आणि भोसरीतला ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट एकाच मशीनवर निघतील, पण दोन्हींत पैसे सुटतीलच असे नाही. १० मिलिमीटरच्या कार्बाइड कटरने ॲल्युमिनियमवर मिनिटाला ३०० मीटर वेग ठेवायचा तर स्पिंडल साडेनऊ हजार आरपीएमच्या आसपास फिरायला हवा. बीडावर ६३ मिलिमीटरचा फेस मिल १५० मीटरने चालवायचा तर जेमतेम ७६० आरपीएम लागतात. कॅटलॉगमधला घोळ नेमका इथे होतो. ‘११ किलोवॅट, १२,००० आरपीएम’ असे ठळक छापलेले असते. पण मोटरची पूर्ण ताकद १,५०० आरपीएमपासून पुढे मिळत असेल, तर ७५० ला हाती येते निम्मीच, साडेपाच किलोवॅट. मग ऑपरेटर कट कमी करतो आणि सायकल टाइम वाढत जातो. म्हणून विक्रेत्याकडे पॉवर आणि टॉर्कचा आलेख मागावा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पुन्हा जायचे कारण नाही.

बीडाची दुसरी खोड म्हणजे त्याची काळी भुकटी. ती टेलिस्कोपिक कव्हरच्या फटीतून आत शिरते, कूलंटच्या टाकीत गाळ होऊन बसते आणि वायपर खराब झाले की थेट गाइडवे खाते. बीडाचेच काम मुख्य असेल तर चकाचक स्क्रीनपेक्षा कव्हर आणि वायपरकडे आधी पाहावे. जड कटासाठी बॉक्स वे अजूनही भरवशाचा. हलक्या आणि वेगवान कामाला लिनिअर गाइड बरा.

अचूकतेच्या आकड्यांचेही तसेच. एका कॅटलॉगात ६ मायक्रॉन, दुसऱ्यात १० मायक्रॉन दिसले म्हणजे पहिले मशीन सरस, असे होत नाही. जपानी जेआयएस, जर्मन व्हीडीआय आणि आयएसओ यांच्या मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि जेआयएसने मोजलेला आकडा सहसा लहानच दिसतो. ‘कुठल्या मानकाने?’ एवढे विचारले तरी समोरचा सावध होतो. हँडओव्हरच्या वेळी बॉलबार टेस्टचा रिपोर्ट मागावा. त्या वर्तुळावरून बॅकलॅश किती, अक्ष काटकोनात आहेत का, हे लगेच कळते.

पण सगळ्यांत मोठी परीक्षा ट्रायलची. विक्रेत्याच्या शोरूममध्ये वातानुकूलित हवेत निघालेला नमुना देखणा असणारच. आपले ड्रॉइंग, आपले मटेरिअल, आपले फिक्स्चर घेऊन जावे आणि सलग तीस-चाळीस नग काढावेत. सकाळी थंड मशीनवरचा पहिला नग आणि चार तासांनंतरचा नग शेजारी ठेवून मोजावा. स्पिंडल तापला की तो लांबतो आणि झेडमध्ये पंधरा-वीस मायक्रॉनचा फरक सहज पडतो. त्यात आपली शेड पत्र्याची. तापमान १० अंशांनी वाढले तर ५०० मिलिमीटरचा स्टीलचा जॉब सुमारे ५७ मायक्रॉनने वाढतो आणि ॲल्युमिनियमचा त्याच्या दुपटीने. बोअरची टॉलरन्स २० मायक्रॉन असेल तर मे महिन्यातल्या दुपारी रिजेक्शन का वाढते, याचे उत्तर बरेचदा एवढेच असते.

आता सर्व्हिस. समजा, ३० लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता जवळपास ६४ हजार. दोन पाळ्यांत रोज १६ तास काम आणि ताशी ४०० रुपये दर धरला, तर मशीन चार दिवस बंद राहिले की २५,६०० रुपये बुडाले. हप्त्याचा चाळीस टक्के भाग गेला, ग्राहकाची बोलणी वेगळी. म्हणून सर्व्हिस इंजिनिअर राहतो कुठे, स्पिंडल आणि ड्राइव्हचे सुटे भाग महाराष्ट्रात ठेवलेले आहेत की दुसऱ्या राज्यातून येणार, हे किमतीची घासाघीस सुरू व्हायच्या आधी विचारावे. तेच मशीन वापरणाऱ्या तीन-चार शॉपमध्ये जाऊन चौकशी करावी, तीही मेंटेनन्सच्या माणसाकडे. मालक स्वतःच्या खरेदीला सहसा नावे ठेवत नाही!

विजेचा हिशेबही कोटेशनमध्ये नसतो. सर्व्हो स्टॅबिलायझर, वेगळे अर्थिंग, पक्का पाया, कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर, सुरुवातीचे टूल आणि होल्डर हे सगळे बजेटमध्ये आधीच धरावे. हे नंतर पाहू म्हणणाऱ्यांची मशीन महिना-महिना प्लास्टिकखाली पडून राहतात.

जुने मशीन घेणाऱ्याने आणखी एक पाहावे: त्या कंट्रोलरचे बोर्ड आज मिळतात का. कास्टिंग वीस वर्षे टिकते, इलेक्ट्रॉनिक्सची तशी हमी नाही.

आणि दिवाळीच्या सुट्टीत शॉपला कुलूप लावण्यापूर्वी पॅरामीटरचा बॅकअप घ्या. कंट्रोलरच्या बॅटरीचा अलार्म दिसत असेल, तर मॅन्युअल पाहून मशीन चालू ठेवूनच बॅटरी बदला. मशीन बंद असताना ती संपली किंवा काढली, तर मेमरी आणि होम पोझिशन दोन्ही जाऊ शकतात आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस सर्व्हिसला फोन करण्यात जातो.