ओट्याचा दगड पाहून सिंक निवडू या

मंडळी, स्वारगेटच्या आसपासच्या जुन्या घरांत आता स्वयंपाकघरं नव्यानं होतायत, म्हणून आज आपण सिंककडे वळू. आपल्याकडच्या ओट्यांवर मुख्यतः दोन दगड दिसतात, कडप्पा आणि ग्रॅनाइट. काळे दोन्ही असतात, पण स्वभाव वेगळे. कडप्पा हा थराथरांचा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच सांडली की त्याची चकाकी जाते. ग्रॅनाइट कठीण, त्याच्या कापलेल्या कडेलाही पॉलिश होतं.

आता बघा, सिंकसाठी भोक पाडलं की दगडाची कड उघडी पडते. सिंक ओट्याखालून बसवलं, तर ही कड रोज पाणी आणि साबण झेलते. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटला ते सोसतं. कडप्प्याचे मात्र थर सुटू लागतात, कपचे उडतात. म्हणून कडप्प्यावर आपण वरून बसणारं, काठाचं सिंक घ्यावं. तो काठ कड झाकतो.

वजनाचाही हिशेब करू. ४५ बाय ४० सेंटीमीटरचं, २० सेंटीमीटर खोल सिंक काठोकाठ भरलं, तर नुसतं पाणीच ३६ किलो होतं. वर कुकर, कढई वेगळी. खालून लावलेलं सिंक केवळ सिलिकॉनच्या भरवशावर ठेवू नये, आधार द्यावाच.

पत्रा घेताना गेजचा आकडा जितका लहान, तितका तो जाड, हे लक्षात ठेवू. आणि सिंक घरी आल्यावरच मिस्त्रींना दगड कापू द्यावा. मोठं पडलेलं भोक पुन्हा लहान करता येत नाही.