सुटणारे आणि पुन्हा जुळणारे पॉलिमर

गैरसमज: हायड्रोजन बंध दुबळा असतो, त्याच्या जोरावर टिकाऊ पदार्थ बनूच शकत नाही.

वस्तुस्थिती: एकटा बंध दुबळाच. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा पुरते. कार्बन-कार्बन बंधाला साधारण ३५० लागते. पण चार बंध एका ओळीत बसवले की चित्र पालटते. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन येथे बर्ट मायर यांच्या गटाने १९९७ साली हेच दाखवून दिले. त्यांनी वापरलेल्या युरिडोपिरिमिडिनोन गटात बंध देणारी दोन आणि घेणारी दोन ठिकाणे अशा क्रमाने येतात, की तसाच दुसरा गट उलटा होऊन समोर आला की चारही बंध जुळतात. हा गट काकवीसारख्या दाट, वाहत्या पॉलिमरच्या साखळ्यांना दोन्ही टोकांना जोडला, तेव्हा त्याचा रबरासारखा घन पदार्थ झाला. तापवला की बंध सुटून तो वाहू लागतो, थंड झाला की पुन्हा जुळतो. एरवीही या जोड्या सतत बदलत असतात: क्लोरोफॉर्ममध्ये एक जोडी जेमतेम दशांश सेकंद टिकते. माझ्या मते या रसायनाचे खरे बळ या सुटण्यातच आहे.

गैरसमज: हे खरे पॉलिमर नव्हेत, लहान रेणूंचा नुसता घोळका आहे.

वस्तुस्थिती: हा आक्षेप जुन्या वादातून येतो. रबर म्हणजे लहान रेणूंचा समूह, असे अनेक रसायनशास्त्रज्ञ मानत असताना हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२०पासून पक्क्या बंधांच्या लांब साखळ्यांची बाजू लावून धरली. त्यांचेच खरे ठरले. १९५३चे नोबेल त्यांना मिळाले. पण हायड्रोजन बंधांनीही लांब साखळी होते आणि ते तपासता येते. द्रावणात एकाच टोकाला जुळणी-गट असलेले थोडे रेणू टाकले की साखळ्या तिथेच खुंटतात आणि द्रावणाचा दाटपणा झपाट्याने उतरतो.

गैरसमज: असा पदार्थ कधीही, कसाही तुटला तरी आपोआप सांधतो.

वस्तुस्थिती: पॅरिसमध्ये लुडविक लीबलर आणि सहकाऱ्यांनी मेदाम्ले आणि युरिया यांपासून असे रबर बनवून २००८ साली प्रसिद्ध केले. कापलेले तुकडे खोलीच्या तापमानालाच, डिंक न लावता एकमेकांवर दाबले की सांधतात आणि पुन्हा ताणता येतात. मात्र कडा कुणीतरी जुळवाव्या लागतात, आणि त्याही वेळेत. तुकडे फार काळ वेगळे राहिले तर कडेवरचे मोकळे गट आपल्याच तुकड्यातले जोडीदार गाठतात आणि सांधण्याची क्षमता घटत जाते. ‘स्वतः दुरुस्त होणारे रबर’ या मथळ्यात हे नेमके गळते.

गैरसमज: बंध सुटतात, म्हणजे पदार्थ निसर्गात विरून जातो.

वस्तुस्थिती: हायड्रोजन बंध सुटला तरी जुळणाऱ्या गटांच्या मधला साखळीचा तुकडा शाबूत राहतो. तो पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा असेल तर त्याचे जैविक विघटन होऊ शकते. पॉलिथिलीनसारख्या हायड्रोकार्बनचा असेल तर नाही. तेव्हा अशा पदार्थावर ‘पर्यावरणपूरक’ लिहिलेले दिसले, तर मधला तुकडा कशाचा आहे, हे आधी विचारा.