मातीत शिसे असेल, तर आधी उपचार मातीवर

मुलाच्या रक्तात शिसे (लेड) जास्त आढळले, की पालकांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, औषध कोणते?" पण त्याआधी हे शिसे येते कुठून, हे शोधावे लागते. अनेकदा ते घराच्या अंगणातच असते.

माती दूषित कशी होते?

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणे, खाणी, धातू गाळण्याचे कारखाने, खरवडलेला जुना रंग ही प्रमुख कारणे आहेत. कीटकनाशक किंवा तेल काळानुसार विघटित होऊ शकते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक हे मात्र मूलद्रव्य असल्याने नष्ट होत नाहीत. ते मातीत वर्षानुवर्षे राहतात.

लहान मुले जमिनीवर खेळतात आणि हात तोंडात घालतात. पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात मोठ्यांपेक्षा चार ते पाच पट जास्त शोषले जाऊ शकते. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो.

झाम्फारा काय शिकवते?

2010 मध्ये नायजेरियातील झाम्फारा राज्यात शेकडो लहान मुले शिशाच्या विषबाधेने दगावली. तिथे सोन्याचे खनिज घरातच फोडून दळले जात होते. त्या खनिजात शिसे भरपूर होते आणि त्याची धूळ अंगणात साचली होती.

रक्तातले शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध (किलेशन) उपलब्ध होते. पण उपचार घेऊन मूल त्याच अंगणात परतले, तर शिसे पुन्हा शरीरात जाणार. म्हणून आधी गावे स्वच्छ करण्यात आली. वरची दूषित माती खरवडून खोल खड्ड्यात पुरली आणि जागी स्वच्छ माती टाकली. बागेगा गावाची सफाई 2013 मध्ये झाली. तोवर तिथल्या मुलांना उपचारासाठी थांबावे लागले.

माती स्वच्छ करण्याचे मार्ग

- काढणे: वरचा थर उचलून सुरक्षित जागी पुरणे. खात्रीचा, पण खर्चिक मार्ग.
- झाकणे: स्वच्छ मातीचा जाड थर, फरशी किंवा दाट हिरवळ. धूळ उडत नाही, पण धातू खालीच राहतो.
- बांधून ठेवणे: चुना किंवा फॉस्फेट मिसळल्यास शिसे कमी विरघळते. मात्र फॉस्फेटमुळे आर्सेनिक मोकळे होऊ शकते. म्हणून माती तपासल्याशिवाय हा प्रयोग करू नका.
- वनस्पती: टेरिस व्हिटाटा हे नेचे आर्सेनिक शोषून घेते. शिसे मात्र मातीला घट्ट चिकटते, त्यामुळे या मार्गाने ते निघायला खूप वर्षे लागतात. अशी झाडे खाऊ नका, जनावरांना घालू नका, जाळू नका.

तुम्ही घरी काय कराल?

- घरातले कोणी बॅटरी, भंगार किंवा रंगकामात असेल, तर कामाचे कपडे व चपला घराबाहेर ठेवा. कपडे वेगळे धुवा.
- कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.
- जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने शिसे निघत नाही.
- संशयित जमिनीत पालेभाज्या आणि कंदमुळे लावू नका. बाहेरून आणलेली स्वच्छ माती कुंडीत भरून भाजी लावा.
- नाचणी, दूध, डाळी आहारात ठेवा. लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल, तर शिसे कमी शोषले जाते.

डॉक्टरांना कधी भेटावे?

घराजवळ असे काम चालत असेल, तर मुलात लक्षणे नसली तरी रक्ततपासणी करून घ्या. सतत पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, चिडचिड किंवा अभ्यासात मागे पडणे ही लक्षणे असू शकतात. झटके आले किंवा मूल गुंगीत गेले, तर ताबडतोब रुग्णालयात न्या.

शिशाचे सुरक्षित प्रमाण असे नसतेच. रक्तात दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आढळल्यास स्रोत शोधून बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. किलेशन बहुधा 45 किंवा त्याहून जास्त पातळीला लागते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. 'डिटॉक्स' म्हणून विकली जाणारी औषधे स्वतःहून देऊ नका.

मेंदूला झालेली हानी औषधाने भरून येईलच असे नाही. म्हणून मूल आजारी पडण्याची वाट न पाहता अंगणातली माती आधी तपासून घ्या.